सोडण्यासाठी धरावे

भुसावळकरांनी आता मार्लिन माशाच्या शिकारीला निघावे, अशी आमची नम्र सूचना आहे. समुद्र लांब पडतो ही सबब चालणार नाही. हतनूर धरणाचे 41 दरवाजे उघडले की आपली तापीही सुरतेपुढे समुद्राला जाऊन मिळतेच, आणि तिला रिझर्व्हेशन लागत नाही.

खेळ अत्यंत सात्त्विक आहे. अंदमानपर्यंत विमान, मग भाड्याची बोट, दिवसभराचे डिझेल, अधूनमधून उलट्या. 1953 साली पेरूच्या किनाऱ्याजवळ आल्फ्रेड ग्लासेल यांनी 707 किलोंचा काळा मार्लिन ओढून काढला; तो विक्रम अजून मोडलेला नाही. हल्लीचा सुसंस्कृत शिकारी मात्र मासा बोटीपर्यंत आणतो, फोटो काढतो आणि सोडून देतो. खर्च सगळा, रस्सा शून्य!

हे तत्त्व खानदेशात सर्वत्र लागू व्हावे. केळीचा घड कापावा, फोटो काढावा, पुन्हा झाडाला बांधावा.

सरकारी कचेऱ्यांनी यात आधीच आघाडी घेतली आहे. लाच घेताना साहेब पकडले जातात, फोटो छापून येतो आणि यथावकाश साहेब त्याच पाण्यात शेपटी हलवत फिरतात. दमलेल्या मार्लिनला सोडण्याआधी बोटीशेजारी धरून हळूहळू पुढे नेतात, म्हणजे कल्ल्यांतून पाणी खेळते. साहेबांसाठी निलंबनकाळात निर्वाह भत्त्याची सोय आहे.

आमिष म्हणून गळाला टोचलेल्या छोट्या टूनाची मात्र चौकशी होत नाही. तो तिथेच संपतो.