मुका खांब

पाय मोडला असं भिवंडीत कुणालाही सांगा, पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "कुठला खड्डा?" पाय मोडल्याचं कुणाला नवल नाही, हवा असतो तो फक्त खड्ड्याचा पत्ता. सुरुवातीचे दोन दिवस मी प्रामाणिकपणे सांगत होतो, "खड्डा नाही हो, हळदीत नाचताना." मग समोरच्याची नजर आधी माझ्या पोटावर जायची, तिथून टकलावर, आणि 'या वयात?' हा प्रश्न चहाबरोबर गिळून तो निघून जायचा. तिसऱ्या दिवसापासून मी नाक्यावरच्या एका खड्ड्याचं नाव पुढे केलं. सहानुभूती लगेच दुप्पट झाली. एकाने तर शहाळं आणलं. त्या खड्ड्याची मी इथे जाहीर माफी मागतो. त्या रात्री तो त्याच्या जागी होता. मीच तिथे नव्हतो.

मी काल्हेरला होतो. ऑफिसातल्या सहकाऱ्याच्या पुतण्याची हळद होती. आगरी हळद ज्याने पाहिलेली नाही त्याला ती सांगून कळायची नाही. नवऱ्या मुलाला हळद तासाभरात लागून होते. पाहुण्यांना ती पहाटेपर्यंत लागत राहते. बेंजो सुरू झाला की माणसाचं वय, हुद्दा आणि मधुमेह हे तिन्ही चपलांबरोबर मांडवाबाहेर राहतात. मांडवाच्या मधल्या खांबाभोवती फेर धरला होता. बावन्न वर्षांचा मी, एक हात खांबाला लावून गिरकी घ्यायला गेलो. टाच वर होती, पाऊल बाहेरच्या कडेवर पडलं आणि बेंजोच्या तालात न बसणारा 'कट्' असा एक आवाज आला. मी एका पायावर उड्या मारू लागलो. ही माझी नवी स्टेप आहे असं मानून चार पोरांनी ती उचलली. नंतर व्हिडिओत पाहिलं तर त्यांना ती माझ्यापेक्षा बरी जमली होती.

डॉक्टरांनी फोटो बघून सांगितलं, करंगळीच्या मागचं हाड. "जोन्स फ्रॅक्चर. रक्तपुरवठा कमी असतो तिथे, सावकाश जुळतं. सहा आठवडे प्लास्टर आणि पाय टेकायचा नाही." हा जोन्स कोण, ते माझ्या भाचीने सांगितलं. ती मुंबईत ऑक्युपेशनल थेरपी शिकते, मराठीत ज्याला व्यवसायोपचार म्हणतात ते. फोनवर ती आधी पोटभर हसली. सर रॉबर्ट जोन्स हे लिव्हरपूलचे नामांकित अस्थितज्ज्ञ. लष्करी मंडळींच्या एका मेजवानीत तंबूच्या खांबाभोवती फेर धरून नाचताना त्यांचं हेच हाड मोडलं. क्ष-किरणांचा शोध लागून तेव्हा जेमतेम सहा-सात वर्षं झाली होती. गड्याने स्वतःच्या पायाचा फोटो काढून घेतला आणि १९०२ मध्ये त्यावर शोधनिबंध लिहिला. "मामा, तू एकदम क्लासिक केस आहेस!" आमच्या घराण्यात क्लासिक म्हणवला गेलेला मी पहिलाच. जोन्ससाहेबांत आणि माझ्यात फरक एवढाच, की त्यांनी निबंध लिहिला आणि मी रजेचा अर्ज. अर्जात मात्र मी खड्डाच लिहिला.

आता माझ्या नोकरीविषयी. मी एका यंत्रमाग कारखान्यात मेहता आहे. हे आडनाव नाही. भिवंडीत कारखान्याचा हिशेब ठेवणाऱ्याला मेहता म्हणतात. सूत किती आलं, बिमं किती भरली, तागे किती उतरले, डॅमेज किती निघालं, हे सत्तावीस वर्षं मी लिहितो आहे. १८५७ नंतर उत्तरेतून उठून आलेल्या मोमीन विणकरांनी या गावात हातमाग मांडले, मग गेल्या शतकात विजेचे माग आले, तेलंगणातून आलेल्या पद्मशाली मंडळींनी पद्मानगर वसवलं, आणि आता गावात मागांची संख्या काही लाखांत आहे. त्या सगळ्या खडखडाटात राहून मी आयुष्यात एक धागाही कशाला बांधलेला नव्हता. शर्टाचं बटण तुटलं तर मी शर्ट बदलतो. पायाला प्लास्टर घालताना डॉक्टर ती चुन्यासारखी पट्टी गुंडाळत होते आणि मी वेदना विसरून तिच्यातले इंचाला किती धागे ते मोजत होतो. मोजणं हीच काय ती माझी कला.

घर धामणकर नाक्याजवळ, पहिला मजला, लिफ्ट नाही. मागच्या गल्लीत माग. पहिल्या आठवड्यात मी मोबाइल पाहिला. दुसऱ्या आठवड्यात मोबाइल संपला आणि मी स्वयंपाकघर पाहू लागलो. भाजीत तेल किती पडतं, गॅस किती वेळ मोठा राहतो, याच्या मी नोंदी ठेवू लागलो. चौथ्या दिवशी बायकोने माहेरी फोन लावला आणि पाचव्या दिवशी सासूबाई वाड्याहून हजर झाल्या. सोबत दहा किलो वाडा कोलम, डिंकाचे लाडू, आणि एक कापडी पिशवी. पिशवीत क्रोशाच्या सुया होत्या. त्या पाहूनही मला काही कळलं नाही. मला वाटलं, स्वतःसाठी आणल्या असतील.

या कटात भाची सामील होती. तिने फोनवरून इतिहास सुनावला. याच जोन्ससाहेबांनी पहिल्या महायुद्धात जायबंदी सैनिकांसाठी इस्पितळांना जोडून कार्यशाळा काढल्या. हात-पाय मोडलेल्या शिपायांना नुसतं खाटेवर लोळू द्यायचं नाही, सुतारकाम करायला लावायचं, आणि त्यातूनच सांधे मोकळे करायचे. लंडनच्या शेफर्ड्स बुश इथल्या कार्यशाळेची देखरेख तर पोर्तुगालचा पदच्युत राजा मॅन्युएल करायचा. पुढे हे शास्त्र आपल्याकडे आणलं ते कमला निंबकरांनी. मूळच्या अमेरिकन एलिझाबेथ लुंडी. मराठी घरात सून होऊन आल्या आणि १९५० मध्ये त्यांनी मुंबईत केईएम रुग्णालयात व्यवसायोपचाराची देशातली पहिली शाळा सुरू केली. विणकाम, वेतकाम ही तिथे करमणूक नव्हती, औषधं होती.

"पण माझा पाय मोडलाय," मी म्हणालो. "हाताला काय धाड भरलीय?"

"तेच म्हणते मी," सासूबाई म्हणाल्या आणि सुई माझ्या हातात दिली.

पहिला धडा साखळीचा. दोऱ्याचा फास, त्यातून सुई, सुईने दोरा ओढायचा. हे जमायला मला एक अख्खी दुपार लागली. दुसरा धडा सुरू करताना सासूबाई म्हणाल्या, "आता खांब." मी दचकलो. क्रोशात एका टाक्याचं नाव खांब आहे हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. "आधी मुका खांब शिकवते, मग साधा." दोन आठवड्यांपूर्वी ज्या खांबाने मला या खुर्चीत बसवलं तोही मुकाच होता. नाहीतर एका शब्दाने सावध करता.

मुका खांब म्हणजे बुटका, घट्ट टाका. चाळीस साखळ्या घालायच्या, उलट फिरायचं, त्यावर चाळीस मुके खांब. पुन्हा उलट, पुन्हा चाळीस. चौकोनी रुमाल तयार. ज्याने सत्तावीस वर्षं तागे मोजले त्याला चाळीसचं काय कौतुक! मी रोज पाच-सहा ओळी घातल्या. आठव्या दिवशी काम मांडीवर पसरून पाहिलं तर चौकोनाचा त्रिकोण झालेला. दर ओळीच्या शेवटचा खांब मी इमानाने गाळत आलो होतो. सासूबाईंनी चष्मा लावून तो त्रिकोण खिडकीशी धरला. "जावईबापू, कुणाच्या घरी बारसं आहे का? लंगोट छान झालाय."

मेहता म्हणून हा माझा जाहीर अपमान होता. शेटजींना कळलं तर गेल्या सत्तावीस वर्षांची खाती पुन्हा तपासायला काढतील.

"आता काय करायचं?" मी विचारलं.

"ओढा," त्या म्हणाल्या.

मी दोऱ्याचं टोक ओढलं. सगळा त्रिकोण सर्रकन उसवून मांडीवर दोऱ्याचा ढीग झाला, आणि मला हसूच आलं. आमच्या धंद्यात असं नसतं. कापडात एक धागा चुकला की तो डॅमेज म्हणून लागतो आणि भावातून कापला जातो; खातेवहीत आकडा चुकला की लाल शाईने खोडून शेजारी सही करावी लागते. आणि इथे आठ दिवसांची चूक आठ सेकंदांत गेली. वर दोरा जसाच्या तसा, फक्त जरा केसाळ झालेला. त्या दिवशी मी मुद्दाम आणखी दोनदा चुकलो.

त्यानंतर मला नाद लागला. सकाळी चहा, लाडू, मग सुई. मागच्या गल्लीतल्या मागाच्या खडखडीवर माझा हात बसला. तिकडे खट, इकडे दोरा ओढ. पण शुक्रवारी आमच्याकडे माग बंद असतात. त्या शांततेत माझी मोजणी बिघडली आणि पंचेचाळीस खांब पडले. एकदा दुपारी लाइट गेली. सगळी गल्ली एकदम गप्प झाली. माझा हात मात्र चालू होता. भिवंडीसारख्या गावात त्या घडीला कापड निघत असलेला बहुधा माझा एकच माग. हे मी बायकोला आतल्या खोलीत ओरडून सांगितलं. ती म्हणाली, "मग पंखाही त्याच्यावरच चालवा."

पाचव्या आठवड्यात कारखान्यातला आमचा जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, भेटायला आला. साठीला आलेला, तीन पिढ्या मागावर, बोटांना सुताची पारख. मी घाईघाईने काम उशीखाली ढकललं, पण दोरा बाहेर लोंबत राहिला. त्याने दोऱ्यासकट रुमाल ओढून काढला. आता हा गावभर करणार, या भीतीने मी खड्ड्याची गोष्ट सुरू केली, पण त्याचं लक्षच नव्हतं. अंगठा आणि तर्जनीत कापड घोळवून तो म्हणाला, "मेहताजी, पोत ढीला है." मग जिथे मी दोरा संपल्यावर जाडजूड गाठ मारली होती तिथे त्याचं नख अडकलं, आणि एवढा वेळ न दुखावलेला माणूस एकदम दुखावला. "ये गांठ है?"

अर्धा तास त्याने मला विणकराची गाठ शिकवली. दोन्ही टोकं चिमटीत एकमेकांवर आडवी ठेवायची, एकाचा वेढा अंगठ्यावरून मागे न्यायचा, दुसरं त्यातून खाली दाबायचं आणि ओढायचं. गाठ इतकी बारीक की फणीतून सरकून जाते. तो ती डोळे मिटून, दोन सेकंदांत मारत होता. मागावर धागा तुटतो तेव्हा एवढीच सवड असते. सत्तावीस वर्षं मी 'धागा तुटण्यामुळे खोळंबा' असं वहीत लिहीत आलो होतो. तो खोळंबा बोटांत कसा दिसतो ते पहिल्यांदाच पाहत होतो. माझी गाठ चौदाव्यांदा जमली. जाताना त्याने जिन्यातून वर ओरडून विचारलं, "रोज का कितना निकलता है?"

मी हिशेब केला. साधा माग मिनिटाला १२५ च्या आसपास धोटे मारतो. इंचाला ५२ पिक, म्हणजे आडवे धागे, धरले, कांड्या बदलणं आणि खोळंबे वजा केले, तरी बारा तासांच्या पाळीत पस्तीस-चाळीस मीटर उतरतात. माझं रोजचं उत्पादन पाऊण इंच. डॅमेज शंभर टक्के. या वेगाने एक तागा उतरवायला मला किती वर्षं लागतील ते मी काढलं, आणि आकडा पाहून खूष झालो. सत्तावीस वर्षांत मला कधीच काम पुरून उरलं नव्हतं. महिनाअखेर आली की वही बंद.

नातेवाईक येत-जात होते. कुणी पायाचं सूप सांगितलं, कुणी गणेशपुरीच्या गरम कुंडात प्लास्टरसकट बसायला सांगितलं. मी मान डोलवत मोजत राहायचो. मोजताना बोललं की टाका चुकतो, ही सबब मला इतकी आवडली की मी न मोजतानाही वापरली.

सहाव्या आठवड्यात सासूबाईंनी मला गोल रुमालावर बढती दिली. गोलात दर फेरीला ठरलेले टाके वाढवावे लागतात. कमी वाढवले तर कडा वळून वाटी होते, जास्त वाढवले तर झालर. मी काटकसरी माणूस. माझी वाटी झाली. ती उसवायला मी टोक शोधलं, पण जॉबरने शिकवलेल्या गाठीने ते इतकं पक्कं बांधून बसलो होतो, की ते सुटेना.

प्लास्टर कापलं त्या दिवशी डॉक्टर फोटो दाखवून म्हणाले, छान जुळलंय, आता हळूहळू चाला. "आणखी एखादा आठवडा ठेवायचं का, खबरदारी म्हणून?" मी विचारलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग बायकोकडे पाहिलं. बायको म्हणाली, "नको."

मी कामावर रुजू झालो आहे. सासूबाई वाड्याला परतल्या. सुई मात्र मागे ठेवून गेल्या. वाटी आमच्या पाण्याच्या तांब्यावर उपडी घातली असून झाकण म्हणून अगदी बेताची बसते. काल्हेरच्या सहकाऱ्याने ती पाहून धाकट्या पुतणीच्या रुखवतात मांडायला तसंच एक मागितलं आहे. लग्न वैशाखात आहे, म्हणजे मला आत्ताच बसायला हवं. भिवंडी-कल्याण परिसरात आणखी कुणाला तांब्याचं झाकण हवं असल्यास तांब्याच्या तोंडाचं माप कळवावं. एखादा इंच इकडे-तिकडे होईल. आणि हळदीचं आमंत्रण द्यायचं असेल तर जरूर द्यावं, फक्त मांडवाला मधे खांब नसावा.