मेजरसाहेबांच्या घरची बोट

अहो वहिनी, ऐकलंत का? मेजरसाहेबांकडे बोटीवरून वाजलंय! जरा हळू हं, त्यांच्या मिसेस मागच्या अंगणात कपडे वाळत घालताहेत... म्हणजे कान इकडेच.

लग्नाला चाळीस वर्षं होताहेत ना. मुलाचा पुण्याहून व्हिडिओ कॉल आला, आईबाबा, क्रूझ माझ्याकडून! तीच हो, कॉर्डेलियाची एम्प्रेस, मुंबईहून सुटते ती. गोवा, लक्षद्वीप वगैरे. अकरा डेक, १,८०० च्या आसपास माणसं, कॅसिनो, थिएटर, पोहायचा तलाव. सूनबाईंनी तर भिशीच्या ग्रुपवर टाकूनसुद्धा दिलं. आणि सासूबाईंना गाऊन पाठवला, कुरियरनं! वाइन कलरचा, पायघोळ. जी बाई साडीशिवाय भगूरच्या बाजाराला गेली नाही, तिला गाऊन. मिसेसनी तो घडीवर घडी घालून कपाटात ठेवला. चेहऱ्यावरून काही कळेल तर शप्पथ.

तर काय सांगत होते... हां, मेजरसाहेब. पेपर खाली ठेवला, चष्मा काढला आणि म्हणाले, "ते जहाज १९९० चं. रॉयल कॅरिबियनचं होतं. आपल्याकडे धावायला लागलं २०२१ मध्ये." तोफखान्यातला माणूस, नेम धरूनच बोलणार. सूनबाईंना वाटलं, आपल्या खर्चावरच बोट ठेवलं. तिकडे स्क्रीनवर चिडीचूप!

त्यात लॅम रोडवरच्या नणंदबाई येऊन बसलेल्या. सिंगापूरहून कुठल्याशा अवाढव्य जहाजावर जाऊन आल्यात ना त्या. म्हणाल्या, "अगं, आमच्या केबिनला खिडकीच नव्हती. उजाडलं की नाही ते मोबाइलवर बघायचं. नाश्त्याला रांग, लिफ्टला रांग, उतरायला रांग." अहो, पण त्यांच्या यजमानांनी अख्ख्या कॉलनीला बाल्कनी सांगितली होती! फोटोसुद्धा दाखवले होते, कुणाच्या बाल्कनीतले देव जाणे. गृहस्थांचा चेहरा असा पडला की मिसेसनी न विचारता चहा आणला.

तेवढ्यात मुलीचा फोन, गुवाहाटीहून. जावई तिकडेच पोस्टिंगला. तिचं म्हणणं, बाबा, ब्रह्मपुत्रेवर या. महाबाहू नावाची बोट आहे, तेवीस केबिन, बस्स. काझीरंगा, माजुली, वाटेत वाळूच्या बेटावर उतरवतात. लगेच मेजरसाहेब खुर्चीत सरळ! म्हणाले, "मोठ्या जहाजावर जहाजच बघत बसायचं. छोट्या बोटीवरून काठ दिसतो." पण दिवसाचा दर ऐकला आणि... साहजिकच हो. खलाशी, स्वैपाकी, डिझेल, सगळा खर्च पन्नासाच्या आतल्या डोक्यांवर पडणार. तिकडे तोच अठराशेंत वाटला जातो.

जावईबापूंनाही चेव चढला. म्हणे, अंटार्क्टिकात पाचशेपेक्षा जास्त प्रवासी असलेल्या जहाजाला माणसं किनाऱ्यावर उतरवताच येत नाहीत, आणि छोट्यांनाही एका वेळी फक्त शंभर. म्हणजे मोठं जहाज नुसतं लांबून बर्फ दाखवणार! मग म्हणे, नाहीतर गंगाविलास घ्या. २०२३ च्या जानेवारीत वाराणसीहून निघालेली, दिब्रुगडपर्यंत ५१ दिवस, छत्तीसच प्रवासी. त्यावर मिसेस पहिल्यांदा बोलल्या, "एकावन्न दिवस? ह्यांच्याबरोबर? एका खोलीत?" आणि आत गेल्या. आता हसायचं की नाही, कुणालाच कळेना.

मेजरसाहेब हळहळले, ती आंग्रिया असती तर बरं झालं असतं. आठवते ना? २०१८ च्या ऑक्टोबरात सुरू झालेली मुंबई-गोवा, चारशे माणसांची. ना फार मोठी, ना फार छोटी, वर कान्होजी आंग्र्यांचं नाव. करोनात बंद पडली ती पडलीच.

आणि मग आजी! नव्वदीच्या, पण कान तिखट. माहेर विजयदुर्गचं. त्या सुरू झाल्या, आमच्या वेळी बोट खोल पाण्यात उभी राहायची, आपण पडावातून जायचं, खलाशी दंडाला धरून वर ओढायचे. डेकवर चटई, शेजारी फणस, त्याच्या शेजारी बोट लागलेली बाई. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "पावसाळ्यात मात्र नाव काढू नका." बारा वर्षांच्या होत्या त्या, १७ जुलै १९४७ ला, गटारी अमावास्येच्या दिवशी, रेवसला निघालेली रामदास बुडाली तेव्हा. सहाशेवर माणसं गेली हो. सगळे गप्प.

आणि त्या शांततेत आजींनी नातवाला विचारलं, "काय रे, लक्षद्वीपला तुझी बोट धक्क्याला लागते का?" तो म्हणाला, नाही आजी, जहाज बाहेर थांबतं, छोट्या बोटीतून बेटावर नेतात. समुद्र खवळला तर तेही रद्द. "म्हणजे एवढे पैसे भरून शेवटी पडावातच ना!" अहो, मुलगा स्क्रीनवर असा दिसला, मला वाटलं नेट गेलं.

मेजरसाहेब खूश! लगेच आपलं नेहमीचं, इंग्रजांच्या वेळी गोरे सोल्जर आपल्या याच देवळाली कॅम्पात घरच्या बोटीची वाट बघत बसायचे. बोटी थंडीतच सुटायच्या, उन्हाळ्यात मोकळा झालेला गडी महिनोन्‌महिने इथेच, काही तर वेडे व्हायचे...

"आणि मी चाळीस वर्षं थांबलेय त्याचं काय?"

दारात मिसेस! म्हणाल्या, "झांशी, बबीना, फिरोजपूर, देवळाली. सगळीकडे शांतता, सगळीकडे झाडं, सगळीकडे पक्षी. काठ खूप बघितले मी. मला गर्दी हवी, गाणी हवीत आणि तीन दिवस गॅसपाशी उभं राहायचं नाही. बोट मोठी हवी. आणि बाल्कनी खरीखुरी." हे म्हणताना नजर कुणाकडे, सांगायला नको. नणंदबाईंचे यजमान चपला शोधायला लागले.

बुकिंग झालं हो, थंडीतलं. ब्रह्मपुत्रा पुढल्या वर्षी, मेजरसाहेबांच्या पेन्शनमधून. आणि गंमत ऐका, काल रेस्ट कॅम्प रोडच्या टेलरकडे मी ब्लाउज आणायला गेले, तर साहेब आतल्या बाजूला उभे! जुना बंदगळा पोटावर सैल करून घेत होते. मला बघून म्हणाले, "रेजिमेंटचं फंक्शन आहे." मी म्हटलं, "हो का? वाइन कलरवर काळा छान दिसेल."