चौथा राजा

बुलढाणा जिल्ह्यात तीन गावं नावामागं 'राजा' लावून मिरवतात: सिंदखेड राजा, देऊळगाव राजा आणि आमचं पिंपळगाव राजा. सिंदखेडला जिजाऊंच्या जन्माचा मान आहे, देऊळगावला बालाजी आहे. आम्हाला खामगाव जवळ आहे. तरी राजा तो राजाच. अशा या जिल्ह्यात चौथा राजा आणायचा घाट गेल्या वर्षी आमच्या वहिनीनं घातला.

चौथा राजा म्हणजे पिओनी. चीनमध्ये शेकडो वर्षांपासून याला फुलांचा राजा म्हणतात. आमची भाची अमेरिकेत इंडियाना राज्यात असते. मे महिन्यात तिनं अंगणातल्या फुलाचा फोटो पाठवला: कोबीच्या गड्ड्याएवढं, गुलाबी, पाकळीवर पाकळी. त्या दिवशी आमच्या अंगणात शुद्धीवर होती फक्त बोगनवेल. जास्वंदीनं मान टाकली होती आणि कुत्रं रांजणाखालच्या ओलीत पसरलं होतं.

"भावजी, हे आपल्या इथं येईन का?" वहिनीनं विचारलं.

वहिनीच्या हाताला गुण आहे. तगरीची काडी ती बोलता बोलता खोचते आणि विसरते. पुढच्या वर्षी तिथं झाड असतं. न्हाणीच्या पाण्यावर तिनं कर्दळ, अळू आणि गवती चहा असं तिघांचं एकत्र कुटुंब पोसलंय. त्यामुळं 'येणार नाही' हे वाक्य तिला झाडांच्या बाबतीत ठाऊकच नाही. तिनं थेट इंडियानाला फोन लावला आणि काडी लावायची की बी, एवढंच विचारलं.

"कंद लावायचा, मामी. त्याला डोळे असतात. डोळे वर ठेवून लावायचा, पण दोन इंचांपेक्षा खोल नाही. खोल गेला तर नुसती पानं येतात."

बाजेवर पडलेली आई हे ऐकत होती. म्हणाली, "डोये हायेत त्याले? मंग एकडाव आपलं ऊन पाहून घेईन अन् आल्या पावली वापस जाईन."

आईनं नकळत मुद्द्यालाच हात घातला होता. पिओनीला उन्हाचं तेवढं भय नाही. त्याला हवी असते थंडी. हिवाळ्यात पानं गळून कंद जमिनीत झोपतो, आणि ती झोप नीट झाली तरच वसंतात कळी धरतो. झोपेची किंमत जातीप्रमाणं साधारण 500 ते 1,000 तास, तेही पारा शून्याच्या वर पण सात अंशांच्या खाली असताना. दादानं कॅल्क्युलेटर काढला. हजार तास म्हणजे जवळजवळ 42 अहोरात्र. आमच्याकडं थंडी येते ती पौषात पहाटे, शेकोटीपाशी बसते आणि पोरं शाळेत जायच्या आत उठून जाते.

"इथं मान्साले थंडी पुरून नाई राह्यली," दादा म्हणाला, "अन् ह्याले हजार तास!"

वहिनीची नजर तोवर फ्रिजकडं गेली होती. भाचीनंच सांगितलं होतं, की जिथं हिवाळा नसतो तिथले हौशी लोक कंद काही आठवडे शीतपेटीत ठेवतात. मात्र एक अट आहे. पिकणारं फळ इथिलीन वायू सोडतं आणि त्यानं आतल्या कळ्या खराब होतात, तेव्हा सोबत फळं ठेवायची नाहीत. कंद ठेवायचे म्हणजे दिवाळीच्या सुमाराला, आणि नेमका तेव्हाच सीताफळांचा हंगाम. गार सीताफळ हे दादाचं आयुष्यातलं एकमेव व्यसन. एरवी स्वयंपाकघरात दादाला मत नसतं. त्या रात्री त्यानं ते मांडलं. शिवाय लाइन जाते ती जातेच. कंदाला निम्म्या झोपेत घाम फुटला तर ते तास मोजायचे की पुन्हा एकपासून सुरुवात करायची, यावर घरात दोन तट पडले.

पुतण्यानं मध्येच मोबाइलवर निळ्या पिओनीचं बी विकायला असल्याचं शोधून काढलं. फोटोतलं निळं झेंड्यावरच्या चक्रालाही लाजवणारं होतं. भाचीनं कळवलं, की असं निळं पिओनी जगात नाही, आणि खरं बी पेरलं तरी फुलाला चार-पाच वर्षं लागतात. कंदाचंही तेच: पहिल्या वर्षी मुळं, दुसऱ्या वर्षी पानं, मनासारखं फूल तिसऱ्या वर्षी. मग मात्र झाड पन्नास वर्षं, कधी त्याहून जास्त, एका जागी फुलत राहतं आणि जागा बदललेली त्याला खपत नाही. हे ऐकून दादा म्हणाला, की मग त्याचं नाव सातबाऱ्यावर इतर हक्कात चढवावं लागेल. आई म्हणाली, "तीन वर्सं? त्यापरीस झेंडू लाव बाप्पा, दसऱ्याले कामी येईन."

जमीन हा विषय मी काढलाच नाही. पिओनीला मुळाशी पाणी तुंबलेलं चालत नाही, कंद कुजतो. आमची काळी माती श्रावणात फुगून पायातली चप्पल ठेवून घेते आणि वैशाखात अशी उलते की भेगेत हात जावा. तिकडं हरणं या झाडाला तोंड लावत नाहीत म्हणून त्याची तारीफ होते. शेजारच्या बकरीला ही माहिती कोणी द्यायची?

चीनची एक कथा सांगतात. सम्राज्ञी वू झेतियननं ऐन हिवाळ्यात सगळ्या फुलांना फुलायचा हुकूम सोडला. बाकीची भ्याली आणि फुलली. पिओनी बधलं नाही. तिनं रागावून त्याला लुओयांगला हद्दपार केलं, तिथं ते असं फुललं की आजही एप्रिलमध्ये लुओयांगला त्याचा उत्सव भरतो. मी ही कथा मुद्दाम वहिनीला ऐकवली. जे सम्राज्ञीचं ऐकत नाही ते आपलं काय ऐकणार, असा माझा रोख होता. वहिनी म्हणाली, "तिनं हुकूम केला. पानी घातलं का?"

पण खरी गंमत इंडियानातच आहे. त्या राज्याचं राज्यफूल 1931 पासून झिनिया होतं. तीच झिनिया, जी आपल्याकडं शाळेच्या कुंपणालगत कुणी न विचारता वाढते. 1957 मध्ये तिला काढून पिओनीला बसवलं. विधिमंडळात तेव्हा पिओनीची शेती करणारे एक सदस्य होते, असं सांगतात. राजकारण आपल्याकडंच असतं असं नाही. पिओनी मूळचं तिथलं नाही, झिनियाही नाही, ती मेक्सिकोकडची. माझं मत झिनियाला. आणि ज्या भाचीच्या दारात हा राजा फुकट फुलतो, तिचा जीव कशात? मोगऱ्यात! ऑक्टोबर आला की जावई तो कुंडीतला मोगरा उचलून घरात आणतात, हीटरजवळ ठेवतात, एप्रिल-मेमध्ये परत बाहेर नेतात. वर्षाकाठी मूठभर कळ्या येतात, त्यांचे फोटो आम्हाला येतात. आमच्या विहिरीपाशी मोगरा इतका फुलतो की खाली पडलेला कोणी वेचत नाही. इकडं थंडीचं बिल, तिकडं उबेचं. मामी-भाचीनं दोन्ही देशांच्या वीज कंपन्यांचं भलं करायचं ठरवलं होतं.

भारताचं स्वतःचंही पिओनी आहे, पांढरं, काश्मीर ते उत्तराखंडच्या डोंगरांतलं. त्याची वाळकी मुळी युनानी औषधांत ऊद सलीब म्हणून वापरतात, मिरगीवर. दादा म्हणाला, तीच आणा, निदान घरात कोणाच्या उपयोगी पडेल.

अक्षय्य तृतीयेला जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळची घटमांडणी होते. घटाभोवती मांडलेल्या धान्यांवरून पाऊस आणि पिकांचं भाकीत करतात. कपाशी, तूर, ज्वारी सगळ्यांचं भविष्य निघतं, पिओनीचं निघत नाही. वहिनीला ही एकच आशा उरली होती: नाही म्हटलेलं नाही.

त्याच उन्हाळ्यात नात्यातलं लग्न निघालं. मंगल कार्यालयात 44 अंशांत, कूलरच्या आवाजात मंगलाष्टकं बुडत असताना वहिनी माझा हात ओढत म्हणाली, "भावजी, पाह्या!" नवरा-नवरीच्या मागची अख्खी भिंत गुलाबी पिओनीनं भरली होती. कापडी. अशा भिंतीपुढं आम्ही कित्येक लग्नांत फोटो काढून घेतले होते. राजा आमच्याकडं कधीचा मुक्कामाला होता, थंडीचा एक तास न मागता.

पंगत उठल्यावर वहिनी डेकोरेशनवाल्याशी बोलली आणि तीन फुलं घेऊन आली. ती तिनं तुळशीशेजारच्या कुंडीत खोचली आणि भाचीला फोटो पाठवला. इंडियानातून उलट प्रश्न आला, "कळ्यांवर मुंग्या आल्या का, मामी?" पिओनीच्या कळ्यांना गोड रस सुटतो, त्यासाठी मुंग्या जमतात; मुंग्यांशिवाय कळी उमलत नाही असं तिकडं बरेच जण समजतात, ते खरं नाही.

वहिनीनं वाकून पाहिलं. फुलं लग्नात जिलेबीच्या परातीशेजारी ठेवली होती.

"आल्या ना," ती म्हणाली. "लय आल्या."