एका कुलपाला दोन चाव्या : परळी-क्षेत्रीय कुंचिकामीमांसा

मीमांसकांनी कोणत्याही वादाचा निकाल लावण्यासाठी पाच अंगे सांगितली आहेत : विषय, संशय, पूर्वपक्ष, उत्तरपक्ष आणि निर्णय. यज्ञातल्या शंका सोडवण्यासाठी घडवलेले हे हत्यार चावीच्या धंद्यावर कोणी चालवल्याचे आमच्या वाचनात नाही. ही उणीव भरून काढण्याचा योग आम्हाला भाच्यामुळे आला. तो परळीत एका शिकवणीवर्गात शिपाई आहे. सकाळी सहाला नऊ कुलपे उघडायची आणि रात्री नऊला तीच लावायची, हे त्याच्या पदाचे स्वरूप. दुपार मोकळी. गेल्या वर्षी त्याने मोटारसायकलच्या मागच्या सीटवर लोखंडी पेटी बसवली, पेटीत बॅटरीवर चालणारे चावी कापायचे यंत्र ठेवले आणि वर लाल रंगात ‘फिरता चावीवाला’ असे रंगवून घेतले. आम्ही या उत्पन्नाला वरकमाई म्हणालो, तेव्हा तो दुखावला. “मामा, वरकमाई टेबलाखालून असती. हा जोडधंदा आहे.”

या भेदाची नोंद घेऊन ग्रंथारंभ करतो.

1. विषय

विषय चावी हा आहे. शब्दापासून सुरुवात करणे हा पंडितांचा धर्म, कारण शब्दाला भाडे पडत नाही. ‘चावी’ पोर्तुगीजांकडून आली. ‘कुलूप’ हे मुळात अरबी ‘कुफ्ल’. मराठीच्या उंबऱ्यावर फ आणि ल यांची ढकलाढकली झाली, ल आधी आत शिरला आणि फचा प झाला. ‘किल्ली’ मात्र संस्कृत ‘कील’च्या, म्हणजे खुंटीच्या कुळातली. म्हणजे परळीतला गृहस्थ रात्री दार लावताना अरबी कुलपात पोर्तुगीज चावी फिरवतो, तिला किल्ली म्हटले तर तेही चालते, आणि तिन्ही परंपरा एका खटक्यात बसतात.

आपल्याकडच्या कुलपांचा आधुनिक इतिहास अर्देशिर गोदरेज यांच्यापासून सांगतात. त्यांनी वकिली सोडून 1897 साली मुंबईत लालबागला कुलपे करायला घेतली. वकिलाने कुलपे करावीत यात नवल नाही. एकाच दारातून एकाला आत घेणे आणि दुसऱ्याला बाहेर ठेवणे, दोन्ही धंद्यांचे सूत्र तेच.

परळीचा दावा मात्र याहून जुना आहे. समुद्रमंथनातून निघालेले अमृत आणि धन्वंतरी विष्णूने इथल्या शिवलिंगात लपवले, दैत्यांनी हात लावताच ज्वाळा उठल्या आणि भक्तांनी हात लावताच अमृतधारा वाहिली, अशी वैजनाथाची कथा गावात पोरांनाही पाठ असते. आमच्या शास्त्राच्या दृष्टीने पाहता ही बिनचावीची, केवळ हात ओळखून उघडणारी तिजोरी आहे. मोबाइल फोन अलीकडे बोट ओळखू लागले. इथे अजूनही लिंगाला हात लावून दर्शन घेता येते. त्यामुळे देवाच्या बाबतीत भाच्याला या गावात धंद्याची आशा नाही. शनि शिंगणापुरात तर माणसांच्या बाबतीतही नाही. घरांना दारे-कुलपे न लावण्याची तिथली ख्याती इतकी, की 2011 साली युको बँकेने तिथे शाखा काढली ती ‘बिनकुलपाची’ म्हणूनच गाजली.

2. संशय

आता शंका. माणूस कुलूप लावतो ते जगावर विश्वास नाही म्हणून. मग त्याच कुलपाची दुसरी चावी तो करून का घेतो? एक भोक बुजवायचे आणि त्याच भोकाला दुसरा वारस नेमायचा, हे तर्कात बसत नाही. शिवाय ही दुसरी चावी तो ज्याच्याकडून करून घेतो, तो सगळ्या गावाची कुलपे उघडू शकणारा इसम!

कायद्यालाही हा संशय छळतो. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951, याचे कलम 122 सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत घरफोडीची हत्यारे सबळ कारणाशिवाय जवळ बाळगणाऱ्याबद्दल आहे. भाच्याच्या पेटीत कानशी, आकडे, पातळ पट्ट्या आणि दोनशे चाव्या. दिवे लागण्यापूर्वी हे त्याचे भांडवल. दिवे लागल्यावर मुद्देमाल व्हायला वेळ लागत नाही. म्हणून तो संध्याकाळी लवकर घरी येतो. त्याची आई हे वळण लग्नामुळे लागले असे समजते.

3. पूर्वपक्ष, अर्थात विस्मृतिवाद

पहिले मत भाच्याचेच : “लोक विसरतेत, मामा. विसरभोळेपणावर धंदा चालतो.” या मताला पुरावे भरपूर आहेत. महाशिवरात्रीला आणि श्रावणी सोमवारी मंदिराच्या पायऱ्या उतरणारा दर दहा मिनिटांनी एक माणूस आधी वरचा, मग खालचा, मग बायकोचा खिसा तपासताना दिसतो. बायकोला खिसा नसतो हे त्याला तेव्हाच कळते. मोंढ्यात व्यापारी गल्ल्याची चावी गल्ल्यात ठेवून गल्ला लावतात. दिवाळीच्या साफसफाईत कपाटाची चावी कपाटामागे पडते आणि ते कपाट हलवायला आत ठेवलेल्या, पाहुण्यांना द्यायच्या चादरी आधी बाहेर काढाव्या लागतात.

अशा वेळी नक्कल करायला मूळ चावीच नसते. तिथे यंत्र हात टेकते आणि विद्या लागते. ही विद्या भाच्याने एका शिकलकरी उस्तादाकडून घेतली. मराठवाड्यात चावी बनवणाऱ्यांत शिकलकरी पुष्कळ. हत्यारांना धार आणि झिलई देणे हा त्यांचा पिढीजात हुन्नर, आणि ‘सैकल’ या झिलईवाचक शब्दातूनच त्यांचे नाव आले. तलवारी गेल्या, कानस राहिली. उस्तादाची रीत अशी : कोऱ्या चावीला दिव्यावर काजळी धरायची, ती कुलपात घालून अलगद दाब द्यायचा आणि बाहेर काढून उन्हात धरायची. आतला लिव्हर जिथे अडला तिथली काजळी खरडलेली असते. तेवढेच कानसायचे, पुन्हा काजळी, पुन्हा कुलूप. उस्ताद म्हणत, कुलपाला विचारत राहायचे. आपण शहाणपण करायचे नाही. इतके विनयशील संशोधन विद्यापीठांतही विरळा.

मूळ चावी हाती असेल तर काम सोपे. यंत्राला दोन पकडी. एकीत जुनी चावी, दुसरीत कोरी. इकडे एक बोथट दांडी जुनीच्या दात्यांवरून सरकते आणि तिकडे फिरते पाते कोरीत तसेच दाते पाडते. पण इथे पाठभेदाचा प्रश्न येतो. गिऱ्हाइकाने आणलेली चावी बहुधा मूळ नसतेच. ती नकलेची नक्कल असते. प्रत्येक लेखनिकाने थोडे खरडावे आणि थोडे सोडावे, तसे चौथ्या पिढीतली चावी आत जाते पण फिरत नाही. पैठणच्या एकनाथांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीच्या प्रती जमवून शुद्ध पाठ सिद्ध केला. भाचा गिऱ्हाइकाच्या घरातल्या तीन भावांच्या तीन चाव्या मागवतो, शेजारी शेजारी ठेवून प्रत्येक जागेचा सर्वांत उंच दाता निवडतो आणि चौथी कापतो. झीज उंची कमी करते, वाढवत नाही, हा त्याच्या संपादनाचा सिद्धान्त. या प्रक्रियेत तीन भाऊ एका खोलीत येतात, हा आनुषंगिक लाभ. त्याचे तो वेगळे पैसे लावत नाही.

दर पुढीलप्रमाणे : कुलपाची साधी चावी चाळीस रुपये, गाडीची ऐंशी, कपाट उघडून चावी करून दिली तर अडीचशे. पेट्रोल, कोऱ्या चाव्या आणि “ओळखीतला आहेस” या नावाखाली बुडणारी रक्कम वजा जाता महिन्याला त्याचा मोबाइल, गाडीचा हप्ता आणि लेकीची शाळेची रिक्षा एवढे निघते.

4. उत्तरपक्ष

पण भाच्याच्या वहीने त्याचेच मत पाडले. आम्ही महिनावार बेरीज केली. विसरण्याला ऋतू नसतो. धंदा मात्र दोन वेळा फुगलेला दिसला. एकदा दसरा-दिवाळीच्या सुमारास, एकदा उन्हाळ्याच्या तोंडाशी. पहिल्या वेळी सगळी कामे दुसऱ्या चावीची. दुसऱ्या वेळी सगळी गंजलेल्या कुलपांची.

बीड जिल्ह्यात हे कोडे सोडवायला मीमांसा लागत नाही. दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते; नवरा-बायको मिळून एक कोयता; आणि ट्रक भरभरून माणसे पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात कारखान्यांवर जातात. पाच-सहा महिने तांड्यांवर, वाड्यांवर ओळीने दारे बंद. मागे म्हातारी माणसे, शाळेची काही पोरे आणि कुलपे. गाळप संपले की ट्रक परत येतात, आणि सहा महिने न फिरलेली कुलपे फिरायला तयार नसतात.

गेल्या दसऱ्यानंतर भाचा एका वाडीवर गेला. आम्ही शास्त्रीय निरीक्षणासाठी मागच्या सीटवर होतो, पेटी मांडीवर घेऊन. एका म्हातारीने पदराची गाठ सोडून चावी दिली आणि अशीच दुसरी कर म्हणाली. आम्ही प्रश्नावली काढली. “आजी, तुम्ही तर घरीच राहणार. मग दुसरी कशाला?”

“मी ऱ्हाते लेकीच्या घरी, खालच्या आळीला. एक माझ्यापशी, एक पोरासंगं. चैतात पोरगं यील तवा मी असन का नसन. त्येनं काय दारात बसावं?”

भाच्याने चावी कापली, कडा कानशीने मोडल्या, कुलपात दोन्ही फिरवून दाखवल्या. म्हातारीने चाळीसातले दहा रुपये कमी करून घेतले आणि नवी चावी पोराच्या करदोट्याला बांधली. जुनी आपल्या पदरात. नवीवर तिचा फारसा विश्वास नव्हता.

5. निर्णय

सबब निर्णय असा. विस्मृतिवाद त्याज्य नाही, पण गौण आहे. पायऱ्यांवरच्या भाविकांपुरता तो ग्राह्य धरावा. एका कुलपाला दोन चाव्या लागतात, कारण दार लावून निघालेली आणि मागे राहिलेली माणसे दोन असतात आणि आधी कोण पोचेल ते ठरलेले नसते. म्हणून दुसरी चावी कुलपाचा अपमान करत नाही. कुलूप जगासाठी असते, चाव्या घरच्यांसाठी.

फलश्रुती : जो हा प्रबंध श्रद्धेने वाचील त्याची चावी हरवणार नाही, असे आम्ही लिहिणार होतो. पण शेवटचे पान पुरे करून खाली चहाला गेलो आणि वाऱ्याने दार लागले. चावी आत टेबलावर, प्रबंधावर ठेवलेली. भाच्याला फोन केला. त्याने पाऊण तासाने येऊन दार उघडले, ओळखीतला म्हणून दोनशे घेतले, आणि न विचारता दुसरी चावी कापून आमच्या बहिणीकडे नेऊन दिली.