खुर्ची हलवू नये

मोनोंगाहेला नदीचा काठ, पेनसिल्व्हेनिया
किंक्रांत, सकाळ

चि. दत्तात्रयास अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा येथील पहाटे तीन वाजता अक्काचा फोन आला. अशा प्रहरी घंटा वाजली की परदेशी बसलेल्या माणसाच्या मनात जे जे येते ते सारे येऊन गेल्यावर असे निष्पन्न झाले की, टीव्हीवर अमेरिकेतले बर्फ पाहून तिला माझी आठवण झाली होती. "थंडीत मरायला गेलास का काय रे तिकडं?" हा तिचा पहिला प्रश्न आणि "पार्सल आलं का?" हा दुसरा, पहिल्याचे उत्तर नकारार्थी व दुसऱ्याचे होकारार्थी आहे, हे तिला नीट क्रमाने सांग, उलट सांगू नकोस. येसर सुखरूप आहे. कारळाच्या चटणीची पुडी मात्र वाटेत फुटून तिळाच्या लाडवांत मिसळली, त्यामुळे यंदा या घरात तिळगूळ खाऊन जो तो तिखट बोलत आहे, आणि तुझ्या वहिनीच्या बाबतीत तर फरकच कळत नाही.

अक्काने त्याच दमात घरच्या तीन खबरा दिल्या. त्यांची उत्तरे कलमवार देतो. चौतीस वर्षे तहसिलीत काढलेल्या माणसाला दुसरी रीत येत नाही.

कलम पहिले, घोडा. माळेगावच्या यात्रेत मनुष्याने खंडोबापुढे भंडारा उधळावा, पाळण्यात बसावे, रेवड्या घेऊन घरी यावे. तू घोडा घेऊन आलास. आपल्याकडे टांगा नाही, घरात लग्नाचा मुलगा नाही, आणि अश्वमेध करण्याइतकी आपली जमीनही उरलेली नाही. तो पुढच्या यात्रेपर्यंत पोसावा लागेल, याचा कडब्याचा हिशेब तू केला आहेस काय? भंडाऱ्यावरून आठवले : येथील स्टीलर्स नावाच्या फुटबॉल संघाचा सामना असला की सारा गाव पिवळी फडकी गरगरा फिरवतो. ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा माझ्या तोंडून "येळकोट येळकोट" निघून गेले, आणि नात ओवीने मला हळूच खाली बसवले.

कलम दुसरे, बांध. गणपतरावांनी बांध कोरला म्हणून फौजदारीची भाषा करू नकोस. मोजणीचा रीतसर अर्ज दे, पावती जपून ठेव, आणि मोजणी होईपर्यंत त्यांच्या घरचा चहा सोडू नकोस.

कलम तिसरे शेवटी घेतो, कारण ते समजायला येथील एका जाचक नियमाची हकीकत अगोदर कळली पाहिजे. कुकरची तिसरी शिट्टी झाली. गॅस बंद करून येतो.

तर नियम असा : घरासमोरचा पदपथ सार्वजनिक आहे, त्यावर माझा काडीचा हक्क नाही, मात्र त्यावर पडलेले बर्फ पडणे थांबल्यापासून 24 तासांच्या आत काढण्याची जबाबदारी माझी आहे, आणि न काढल्यास नोटीस व दंड. मालकी त्यांची, रहदारी लोकांची, बर्फ परमेश्वराचे आणि कंबर माझी! मोगलाईत वेठबिगार होती असे आप्पा सांगत. पण निजामाने आपल्याकडून बर्फ उचलून घेतल्याची नोंद कोठे नाही. डिसेंबरात एकदा मुलगा सुधीर याच्याकडून कामाच्या गडबडीत बर्फ काढायचे राहून गेले, तर दारावर नोटीस. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांच्या दारांवर नोटिसा डकवल्या, त्याने स्वतःच्या दारावरची पहिली नोटीस वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, कानटोपी घालून, मोठ्या आवाजात वाचली. मसुदा मात्र निर्दोष होता, हे कबूल केले पाहिजे.

मग फावडे आणले. 30 डॉलर! म्हणजे सुमारे 2,700 रुपये, आणि तेही प्लॅस्टिकचे. तेवढ्यात आपल्या नांदेडच्या वजिराबादेत फावडे, टिकाव आणि घमेले घेऊन वर दुकानदाराकडून चहा प्यायलो असतो. मी दुकानातच गुणाकार करून मोठ्याने सांगितला, तेव्हापासून सूनबाई मेघा मला दुकानात नेत नाही.

या फावड्याने पदपथ झाला की रस्त्यावरची मोटारीपुरती जागा उकरावी लागते, आणि येथून त्या खुर्चीचे प्रकरण सुरू होते. बर्फ उकरून मोकळ्या केलेल्या जागेत लोक स्वयंपाकघरातली एखादी मोडकी खुर्ची ठेवून खुशाल कामावर जातात, आणि दिवसभर तिला कोणी हात लावत नाही. नांदेडच्या स्टँडवर एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्यात आपण उभयतांनी नाव कमावले. पण त्या रुमालावर किती भांडणे झाली! येथे मात्र खुर्ची म्हणजे खुर्ची.

हे कोणत्या कायद्याने, असे मी शेजारच्या म्हातारबांना विचारले. ते सव्वाऐंशीचे आहेत, आडनाव स्लोव्हाक व उच्चारास कठीण, म्हणून तुझ्या वहिनीने त्यांना परस्पर 'लोहारकाका' करून टाकले आहे. ते म्हणाले, कायदाबियदा काही नाही, आमच्याकडे असेच चालत आले आहे. दत्ता, माझे डोळे भरून आले. ही तर वहिवाट! सातासमुद्रापलीकडे मला माझ्या खात्याचा शब्द भेटला.

लोहारकाकांच्या तोंडून या मुलखाची बखर मला थोडथोडी कळते. त्यांचे इंग्रजी मला निम्मे कळते व माझे त्यांना पाव, त्यामुळे संभाषण फार मोकळे होते. एकाला आणि दहांना तेच सर्वनाम लावणे या लोकांना पटले नाही, म्हणून अनेकवचनी 'तुम्ही'साठी त्यांनी 'यिन्झ' असा आपला शब्द घडवला आहे. काका तुझ्या वहिनीला आणि मला मिळून 'यिन्झ' म्हणतात. आमच्या शेजारचे गाव ब्रॅडॉक. 1755 साली येथे पराभूत होऊन प्राणघातक जखमी झालेल्या इंग्रज सेनापतीचे नाव त्याला आहे. तेथील पोलादाचा कारखाना 1875 पासून धगधगतो आहे. तो काढणाऱ्या कार्नेगीने त्याला नाव दिले ते स्वतःचे नव्हे, वडिलांचे नव्हे, तर ज्या रेल्वेकंपनीला रूळ विकायचे तिच्या अध्यक्षाचे : एडगर थॉमसन. गिऱ्हाइकाच्या नावाने दुकान काढण्याची ही युक्ती आपल्या एकाही आडत्याला सुचली नाही. याच कार्नेगीने 1889 साली तेथे ग्रंथालय बांधले आणि त्यात कामगारांसाठी स्नानगृहही ठेवले, म्हणजे भट्टीवरून आलेल्या माणसाने आधी काजळी धुवावी आणि मग वाचावे. मोठी उदात्त कल्पना. पण काका म्हणतात, बारा तास भट्टीपुढे उभा राहिलेला माणूस आंघोळीनंतर ग्रंथ उघडतो की डोळे मिटतो?

नदीपलीकडे होमस्टेड. तेथे 6 जुलै 1892 रोजी, संप मोडण्यासाठी कार्नेगीच्या कंपनीने आणलेले पिंकर्टन एजन्सीचे 300 भाडोत्री पहारेकरी पडावांत बसून आले आणि कामगारांनी त्यांना काठावरच गाठले. दोन्ही बाजूंची माणसे पडली. कार्नेगी त्या वेळी स्कॉटलंडात होता. अडचणीच्या दिवशी साहेब दौऱ्यावर असतात, हा नियम सर्व खात्यांना लागू दिसतो. काका त्याच होमस्टेडच्या कारखान्यात होते. 1986 साली तो बंद झाला. आज तेथे बारा उंच धुराडी तेवढी ओळीने उभी आहेत आणि त्यांच्या सावलीत मोठा बाजार भरतो. तुझी वहिनी तेथून वांगी आणते व त्यांना नावे ठेवते.

मी काकांना आपल्या नांदेडच्या उस्मानशाही मिलची गोष्ट सांगितली. भोंगा झाला की आप्पा घड्याळ लावीत, आणि मिल थंडावल्यावर शहरात केवढी शांतता पसरली, ते सांगितले. ते बराच वेळ नदीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, कारखान्याचा भोंगा बंद झाल्यावरही त्यांची बायको कित्येक महिने त्याच वेळी पहाटे उठून त्यांचा डबा भरीत असे. आणि डबा भरला आहे म्हणून ते तो घेऊन घराबाहेर पडत व नदीवर बसून खाऊन येत.

हे ऐकून मला हसू आले नाही. कारण मीही काही वेगळे करीत नाही. येथे सकाळी साडेआठ वाजले की तिकडे संध्याकाळचे सात. ती विष्णुपुरीच्या काळेश्वराच्या आरतीची वेळ. पाय आपोआप चपला शोधतात, मी दाराशी जातो, दार उघडतो, आणि समोर बर्फ. मोनोंगाहेला उत्तरेला वाहते. तिच्याकडे पाठ करून उभे राहिले तरी विष्णुपुरी कोणत्या बाजूला हे मला ठरवता येत नाही. रात्री भट्टीचा तांबडा उजेड पाण्यावर पडतो, तेवढ्यापुरती ती नदी गोदावरीवरच्या कार्तिकातल्या दिव्यांसारखी दिसते. तेवढ्यापुरतीच. सुधीरजवळ हे बोलू नकोस. तो लगेच डॉक्टरची वेळ घेतो.

आता कलम तिसरे. पांडूने ओसरीवरची माझी वेताची खुर्ची माळ्यावर टाकली आणि त्या जागी घोड्याचे खोगीर टांगले, असे अक्का म्हणाली. त्याला माझे सांगणे वाचून दाखव. सदर खुर्ची खांबापासून दीड हात, तुळशीकडे तोंड, अशी अठ्ठावीस वर्षे निर्वेधपणे होती. मी तेथे नसलो म्हणजे जागा मोकळी झाली, असा अर्थ निघत नाही. खुर्ची असते तीच मुळी मालक परत येणार म्हणून. ती आजच खाली काढावी, पुसावी आणि पूर्ववत ठेवावी. वेत उसवला असेल तर विणून घे, पैसे सुधीर पाठवील. फावड्यापेक्षा कमीच पडतील. खोगीर गणपतरावांना दे. बांध सरळ होईल.

ओवीची शाळेची बस आली आणि पदपथावर पुन्हा भुरभुर सुरू झाली आहे. 24 तास पडणे थांबल्यापासून मोजायचे, हे माझ्या पथ्यावर आहे.

अक्काला साष्टांग नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अण्णा

ता.क. पुढच्या पार्सलात चटणी डब्यात भर. आणि घोड्याचे नाव काय ठेवलेत, ते कोणीच कळवले नाही.