शेपटीचा भाव

ब्रिटनच्या टपालखात्याने १९९५ मध्ये मांजरांची पाच तिकिटं काढली. मांजरं सात, कारण दोन तिकिटांवर जोडीजोडीने बसलीत. चित्रं एलिझाबेथ ब्लॅकॅडर या स्कॉटिश बाईंची. लंडनची आणि स्कॉटलंडची, दोन्ही रॉयल अकादम्यांनी सदस्य करून घेतलेल्या त्या पहिल्या स्त्री. २००१ मध्ये तर राणीने त्यांना स्कॉटलंडच्या राजचित्रकारपदी नेमलं. एवढ्या मानाच्या बाई मांजरं रंगवायच्या, मग आपल्या मनीचं चित्र काढून घेण्यात कमीपणा कसला, असा युक्तिवाद मी घरात केला. तो कुणाला पटला नाही. पण चित्रकार मुलगा ओळखीतला आहे म्हणजे फुकट काढेल, असा समज पसरला आणि विरोध मावळला.

मुलगा गुणी. मनी एरवी दिवसभर झोपते. त्या दिवशी तिला कपाटामागे पाल असल्याचा साक्षात्कार झाला. शेवटी सुकटीची लाच देऊन तिला बसवलं. सुकट संपेपर्यंत पोराने पेन्सिलीने झरझर रेषा ओढल्या आणि मग जलरंग काढले. जलरंगवाल्या सोवळ्या मंडळींना पांढरा रंग चालत नाही. पांढरं हवं तिथे ते कागदच कोरा सोडतात. आणि आमची मनी, दोन तांबूस कान सोडले तर, नखशिखांत पांढरी! म्हणजे चित्राचा मोठा भाग कागदाच्या गिरणीनेच काढलेला. बाकी पेन्सिलीच्या रेषा. वर रंग वाळला की त्या खोडरबराला दाद देत नाहीत, म्हणून जाणकार त्या लपवत नाहीत, मिरवतात.

मला चित्र फार आवडलं. दोन कान, हिरवे डोळे, नाकाचा गुलाबी ठिपका, आणि तरी अख्खी मनी, तिच्या माजासकट.

सासूबाईंनी चष्मा लावला. "शेपूट कुठाय?"

"सूचित केलंय, आजी," मुलगा म्हणाला.

"मग पैसेही सूचितच करू."

ब्लॅकॅडरबाईही कागद असाच ऐसपैस मोकळा सोडायच्या, असं मी सांगून पाहिलं. "त्यांना राणी पैसे देत होती," सासूबाई म्हणाल्या. दीर म्हणाले, पेन्सिल खोडायची राहिलीय. फ्रेमवाल्याने मात्र कोऱ्या जागेचेही फुटावर पैसे लावले, आणि त्याच्याशी कुणी हुज्जत घातली नाही.

तेव्हा वाचकहो, घरी चित्रकार बोलावणार असाल तर मांजर बसवण्याआधी शेपटीचा भाव ठरवून घ्या.