अंशतः खरे आहे

डिसेंबरात मुंबईहून नागपूरला दोन गोष्टी येतात, शासन आणि सर्दी. दोन्ही आठ-दहा दिवसांत आपोआप जातात आणि औषध दोहोंवर नाही. आमचे अंशतःसाहेब या दोन्ही सोबतच घेऊन येतात.

साहेबांचं खरं नाव सांगत नाही. एक तर ते अजून नोकरीत आहेत, आणि दुसरं म्हणजे असा एकच माणूस नाही. इतकी वर्षं पत्रकार दीर्घेत बसून समोरच्या अधिकारी दीर्घेत जे चार-पाच जण पाहिले, त्यांना एकाच स्वेटरमध्ये घातलं की अंशतःसाहेब तयार होतात. स्वेटर तपकिरी, बायकोने विणलेला. वर माकडटोपी, ती दीर्घेत शिरताना खिशात. दुसऱ्या खिशात दोन पेनं आणि विक्सची डबी. काखेत फाईल, आणि त्या फाईलला बांधलेल्या नाडीवर असा विश्वास, की राज्याची पत तीवरच टिकून आहे.

पदाने ते वित्त विभागातले. ‘अर्थमंत्र्यांनी सभागृहात उत्तर दिले’ असं आम्ही पेपरात छापतो, तेही तसं अंशतःच खरं. मंत्री उत्तर वाढतात. ते शिजतं मात्र साहेबांच्या टेबलावर, मुंबईहून ट्रकने आलेल्या गठ्ठ्यांच्या मधोमध.

तारांकित प्रश्नाचा साचा ठरलेला असतो. अमुक जिल्ह्यात अमुक प्रकार निदर्शनास आला, हे खरे आहे काय. असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय. असल्यास, त्यानुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे. नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? चार मजली इमारत. आमदारांचा सगळा जीव सगळ्यात वरच्या मजल्यावर, साहेबांचं सगळं लक्ष तळमजल्यावर. तिथे ‘हे खरे नाही’ म्हटलं की वरचे तिन्ही मजले बसतात, आणि एकेका ढिगाऱ्यावर पाटी लावायची: प्रश्न उद्भवत नाही.

पण ‘हे खरे नाही’ जपून वापरायचं असतं. उद्या पेपरात फोटो आला तर हक्कभंग. ‘होय, हे खरे आहे’ तर त्याहून वाईट, कारण मग पुढचे तिन्ही मजले चढावे लागतात. म्हणून साहेबांनी हयातभर ज्याची साधना केली ते हे मधलं वाक्य: अंशतः खरे आहे. यात सदस्याचा मान राहतो, शासनाचं काही जात नाही, आणि कुठला अंश खरा हे गुलदस्त्यात राहतं. ‘किती अंश?’ असं आजवर कुणी विचारलं नाही, असं ते अभिमानाने सांगतात.

त्यांची दुसरी विद्या आकड्यांची. ती त्यांनी मला एकदा चहावर सांगितली, छापणार नाही या अटीवर. कोटींत विचारलं की टक्क्यांत सांगायचं, टक्क्यांत विचारलं की कोटींत. राज्यावर कर्ज किती? २०२५-२६च्या अर्थसंकल्पातला अंदाज ९ लाख ३२ हजार २४२ कोटींचा. हा आकडा नुसता उच्चारला तरी समोरच्या बाकांवर लोक उभे राहतात. तोच ‘सकल राज्य उत्पन्नाच्या १९ टक्क्यांच्या आत, म्हणजे २५ टक्क्यांच्या मर्यादेपेक्षा पुष्कळ खाली’ असा सांगितला की लोक बसतात. दोन्ही खरं. एक ऐकून छातीत धडधडतं, दुसरं ऐकून जांभई येते. साहेब जांभईच्या बाजूचे.

घरीही हेच. बँकेत किती उरलेत असं वहिनींनी विचारलं की ‘गेल्या वर्षीच्या तुलनेत चार टक्के वाढ आहे.’ भाजीला महिन्याला किती टक्के जातात असं विचारलं की ‘अहो, बाराशे रुपये गेले!’ वहिनींना अजून पूरक प्रश्न विचारायची सवय लागलेली नाही, म्हणून संसार टिकून आहे.

नागपूरबद्दल साहेबांची मतं ठाम आहेत. २८ सप्टेंबर १९५३चा नागपूर करार त्यांना कलमांसकट पाठ आहे. त्याच करारामुळे सरकारने वर्षातून काही काळ इथे मुक्काम करायचा आणि विधिमंडळाचं निदान एक अधिवेशन इथे घ्यायचं ठरलं. सही करणाऱ्यांपैकी एकानेही इथे डिसेंबरात पहाटे गार पाण्याने आंघोळ केली नसावी, असा त्यांचा कयास. सावजी त्यांनी एकदाच खाल्लं. दुसऱ्या दिवशी पूरक टिपणी कशी लिहिली ते त्यांचं त्यांना माहीत. तेव्हापासून तर्रीपोह्यांतली तर्रीसुद्धा ते वेगळ्या वाटीत मागतात, आणि ‘विचाराधीन’ ठेवतात.

शिवाय मुख्य अर्थसंकल्प नागपूरच्या वाट्याला येत नाही. मार्चमध्ये मुंबईला थाळी मांडतात, डिसेंबरात नागपूरला ‘आणखी काय वाढू’ विचारतात. त्याला पुरवणी मागण्या म्हणायचं. २०२३च्या डिसेंबरात हे वाढप ५५ हजार ५२० कोटींचं होतं, २०२४च्या डिसेंबरात ३५ हजार ७८८ कोटींचं. ‘मार्चमध्येच अंदाज का आला नाही?’ हा प्रश्न दरवर्षी येतो, आणि साहेबांकडे त्याचं उत्तर दरवर्षी तेच असतं. फक्त वरची तारीख ते स्वतः, कुणावर न सोपवता, बदलतात.

साहेबांची खरी कसोटी लागली ती २०२३च्याच अधिवेशनात. महिनाभर खपून त्यांनी कर्ज, महसुली तूट, जीएसटीची वसुली अशी जाडजूड टिपणी बांधली होती. अधिवेशन सुरू झालं ७ डिसेंबरला. त्याच तारखेची दिल्लीची अधिसूचना आली: ८ डिसेंबरपासून ३१ मार्चपर्यंत कांद्याच्या निर्यातीला बंदी. वर त्याच दिवशी उसाच्या रसापासून इथेनॉल करायलाही मनाई. झालं! विधानभवनाच्या पायऱ्यांवर कांद्याच्या माळा आल्या. तुटीवरचं एक पानही कुणी उघडायला सांगेना. त्या रात्री साहेबांनी चार वेळा विक्स लावलं आणि पहाटे तीन शब्दांत सारा कांदा आवरला: ‘विषय केंद्राच्या अखत्यारीत.’ त्याखाली, पूरक प्रश्न आलाच तर म्हणून, ‘पाठपुरावा सुरू आहे.’

कांद्याचं केंद्रावर ढकलता आलं, पण नागपूरला येऊन संत्र्याचं कसं ढकलणार? बांगलादेशाने आपल्या संत्र्यावरचा आयात कर चढवत चढवत किलोला ८८ टकांवर नेला होता. वरुड-मोर्शीकडचा बागायतदार ट्रक घेऊन उभा, आणि ढाक्याला भाव परवडेना. करातला निम्मा भार अनुदान म्हणून राज्याने उचलायचा, अशी घोषणा याच अधिवेशनाच्या सुमारास झाली. साहेबांनी टिपणी केली, आदल्या रात्री मंत्र्यांच्या कार्यालयात तिची रंगीत तालीम झाली. स्वीय सहायक मोठ्याने वाचू लागला, ‘बांगलादेशाने ८८ टक्के...’

‘टक्के नाही, टका!’

‘टका म्हणजे किती टक्के, साहेब?’

साहेबांना घाम फुटला. बाहेर पारा दहाच्या खाली. ज्या माणसाने आयुष्यभर लोकांना कोटी आणि टक्के यांच्यात फिरवलं, त्याला एका काना-मात्रेने गाठलं होतं. शेवटी त्यांनी ‘टका’खाली दोन रेघा मारल्या आणि समासात लाल शाईने लिहिलं: हे चलन आहे, प्रमाण नव्हे. मग मंत्र्यांच्या लक्षात राहावं म्हणून पुढे आणखी एक ओळ: आपल्याकडेही पूर्वी पैशाला टका म्हणत. ती मात्र त्यांनी सकाळी खोडली. समोरच्यांनी ‘आता का म्हणत नाही?’ विचारलं असतं.

मंत्री किती आले नि गेले. जयंत पाटलांनी नऊ अर्थसंकल्प मांडले. पुढे चंद्रपूरचे सुधीर मुनगंटीवार आले, भाषणात शेर पेरणारे. साहेबांचं म्हणणं, मंत्री कुठल्या पक्षाचा ते आम्हाला कळत नाही, फक्त समास केवढा सोडायचा ते कळतं. शेर म्हणणारा असेल तर आकड्यांखाली दोन ओळी मोकळ्या. रागीट असेल तर आकडे मोठ्या टाइपात, म्हणजे चष्मा शोधण्यात राग वाढत नाही. आणि ज्याला खरोखरच हिशोब कळतो, त्याला साहेब सगळ्यात जास्त भितात. तो टिपणी बाजूला ठेवून बोलतो.

त्यांना पाहायचं तर प्रश्नोत्तराच्या तासाला. मंत्री उभे राहिले की साहेबांचे ओठ हलू लागतात, मंत्र्यांच्या अर्धा शब्द पुढे, विंगेतल्या प्रॉम्प्टरसारखे. पूरक प्रश्न आला की चिठ्ठी. चिठ्ठीत पाचाहून अधिक शब्द नसावेत हा त्यांचा दंडक. ‘तपासून घेतो म्हणा.’ ‘बैठक लावतो म्हणा.’ ‘माहिती पटलावर ठेवतो म्हणा.’ एकदा घाईत नुसतंच ‘म्हणा’ लिहून पाठवलं, तरी काम झालं असं ते सांगतात. हे मी पाहिलेलं नाही. पण मंत्री उत्तर देता देता थांबले, दीर्घेकडे एक नजर टाकली आणि अध्यक्षांनी प्रश्न राखून ठेवला, असं झालं की साहेबांच्या चेहऱ्यावर जी शांती पसरते ती मी पाहिली आहे. राखून ठेवलेला प्रश्न म्हणजे त्यांच्या लेखी मुदतठेव.

आणि शेवटचा दिवस. कॅगचा अहवाल बहुतेक वेळा त्याच दिवशी पटलावर येतो. सदस्य तो उघडतात तोवर राष्ट्रगीत होतं आणि साहेब संत्रा बर्फीचे डबे बांधत असतात.

आता आंघोळीचं. त्यांच्या उतरण्याच्या जागी गरम पाण्याचे बंब बसवावेत असा प्रस्ताव एका वर्षी जूनमध्ये मंत्रालयात फिरत होता. खर्चाला वित्त विभागाची सहमती लागते. फाईल फिरत फिरत आली ती साहेबांच्याच टेबलावर. त्यांनी तीन शंका काढल्या. बाब निकडीची कशी? वर्षातले उरलेले साडेअकरा महिने बंबांचा वापर काय? आणि मागील वर्षी ही गरज भासली नव्हती काय? फाईल त्रुटीपूर्तीसाठी परत. जूनमध्ये, मुंबईच्या उकाड्यात, पंख्याखाली बसून काढलेल्या शंका त्या. डिसेंबरात सहकारी बादलीभोवती दात वाजवत उभे होते, तेव्हा एकाने विचारलं, ‘काय हो, बंबांना तुम्हीच नाही म्हणालात, हे खरं आहे काय?’

साहेबांनी पहिला तांब्या डोक्यावर ओतला. त्यानंतर ते जे बोलले, त्यात ‘अंशतः’ एवढंच ओळखू आलं.

परवाच्या अधिवेशनात झिरो माइलकडच्या रस्त्यावर आम्ही चहा घेत उभे होतो. हा चहावाला जुना. मोर्चे, पोलीस, आमदारांचे पीए, आम्ही, सगळ्यांना पाजून आणि सगळ्यांचं ऐकून तयार झालेला. साहेबांनी कप ठेवला, माकडटोपी कानावर ओढली आणि निघाले.

‘सायेब, मागच्या सेशनचे एकशे चाळीस रुपये बाकी हायेत, हे खरं आहे का जी?’

साहेब थबकले. सवयीने तोंडातून आलंच, ‘अंशतः खरे आहे.’

‘किती अंश?’

मी साहेबांकडे पाहिलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा कुणी हे विचारलं होतं. डावा हात खिशात चिठ्ठी चाचपडत होता, पण दीर्घेत दुसरं कुणी नव्हतं.

‘तपासून घेतो,’ ते म्हणाले.

‘घ्या ना बाप्पा. वही इथंच हाय.’ चहावाल्याने कढईखालून वही काढली, तेलकट बोटाने पान उलटलं. तारखा होत्या, कटिंगचा आकडा होता, एका ओळीत दोन ‘बिस्कुट’ही होते. ‘आणि विलंबाचं कारण काय ते बी सांगून टाका.’

साहेबांनी दोनशेची नोट काढली. चहावाल्याने ती उजेडात धरून पाहिली, गल्ल्यात टाकली आणि पुढच्या गिऱ्हाइकाचा चहा गाळायला घेतला.

‘अरे, साठ रुपये?’ साहेब म्हणाले.

‘सुट्टे नाहीत जी,’ तो वर न पाहता म्हणाला. ‘पुढच्या सेशनला. सकारात्मक विचार चालू हाय.’